विस्मरण झालेली आई, सांभाळणारी सून आणि घरातला मोबाईल

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने)



पालक मेळाव्यात मी जे चार शब्द बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी वक्ता नव्हे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस आहे. तेव्हा या लेखात विद्वत्ता शोधू नये. मात्र लिहून देण्याचे एक कारण मला मनापासून पटले. त्या दिवशी ज्यांच्याविषयी मी बोलत होतो, त्या मेळाव्याला आल्याच नव्हत्या. त्या घरी होत्या, कोणाच्या तरी उशाशी बसून. छापील पान त्यांच्या घरी जाऊ शकते.

विषय ऐकून काहींना नवल वाटले. "मास्तर, आपण मुलींच्या शिक्षणावर बोलायचे, वसतिगृहावर बोलायचे. म्हाताऱ्यांचे विस्मरण आणि मोबाईल हे कुठून काढलेत?" असे एका स्नेह्यांनी व्यासपीठावरच माझ्या कानात विचारले. त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही. पुढे ते येईलच.

माझ्या अम्मीपासून सुरुवात करतो. अब्बा लवकर गेले. आम्ही चार भावंडे. नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला म्हणजे गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची कशी पसरलेली असते, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. त्या पथारीवर मिरचीची देठे खुडण्याच्या मजुरीवर अम्मीने आम्हाला वाढविले. रात्री हातांची आग होई. ती तळहातांना खोबरेल चोळून, हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपे. अक्षरओळख तिला नव्हती. पण कोणत्या व्यापाऱ्याकडे किती दिवसांची मजुरी बाकी आहे, हे तिला बरोबर आठवत असे. वहीत लिहिणाऱ्या मुनीमाची चूक तिने दोनदा दाखवून दिल्याचे मला आठवते.

2016 च्या सुमारास तीच अम्मी हिशेब चुकू लागली. प्रथम दुधाचा, मग दिवसांचा, मग नात्यांचा. नमाज झाल्यावर पुन्हा वजू करायला बसे. जेवून ताट उचलले की, "आज मला कोणी खायला दिले नाही," म्हणून शेजारी सांगे. एके दिवशी बांगडी सापडेना. ती सुनेनेच घेतली असे तिने चारचौघांत सांगितले. बांगडी पुढे पिठाच्या डब्यात मिळाली, पण माझ्या पत्नीचे त्या दिवशीचे तोंड मी विसरलो नाही. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले नजर लागली, एकाने ताईत आणून दिला. दोन वर्षे अशीच गेली. यात दोष माझा. घरात शिकलेला मी होतो.

या आजाराला मराठीत स्मृतिभ्रंश आणि इंग्रजीत डिमेन्शिया म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत अधिक आढळणारा अल्झायमर. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने 1906 साली एका स्त्री रुग्णाची हकीकत डॉक्टरांच्या सभेत मांडली, त्याचेच नाव पुढे आजाराला पडले. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि त्यांबरोबर आठवण, भाषा, दिशा, वेळेचे भान, शेवटी गिळण्याची क्रियासुद्धा जाते. हा म्हातारपणाचा नेहमीचा विसराळूपणा नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. दुसरी गोष्ट अशी की विस्मरण दिसले म्हणजे हाच आजार असे मानून बसू नये. थायरॉइडचा विकार, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, उदासीनता, काही औषधांचा परिणाम, यांनीही माणूस विसरू लागतो आणि त्यांवर उपाय आहे. म्हणून तपासणी अगत्याची. खरा स्मृतिभ्रंश मात्र आजच्या औषधांनी बरा होत नाही. तेव्हा उरते ते सांभाळणे.

आकडे थोडक्यात देतो. देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवरून 2023 साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत प्रमाण अधिक आढळले. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली. त्यांत मधुमेह, रक्तदाब, बहिरेपणा, तंबाखू यांच्याबरोबर लहानपणी शिक्षण न मिळणे हेही एक आहे. 2011 च्या जनगणनेत आपला नंदुरबार जिल्हा साक्षरतेत राज्यात शेवटचा होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. माझ्या त्या स्नेह्यांना अर्धे उत्तर येथे मिळेल.

आता सांभाळण्याविषयी. "मी आईला सांभाळले," असे आपण पुरुष सहज म्हणतो. सात वर्षे मीही म्हणत आलो. लोकांनी माझे कौतुक केले, आईची केवढी खिदमत करतो म्हणून! खरे पाहता सांभाळले ते माझ्या पत्नीने. मी सकाळी शाळेत, संध्याकाळी संस्थेच्या बैठकीला. अम्मीची आंघोळ, कपडे, औषध, ओले अंथरूण, शिव्या आणि मध्यरात्रीचे उठणे, हे सारे तिच्याकडे. आमच्या बैठकांत आम्ही स्त्रियांच्या तालमीवर ठराव मंजूर करीत होतो.

मध्यरात्रीचे उठणे हा तर एक अध्यायच होता. दोन-अडीचच्या सुमारास अम्मी ताडकन उठून बसे आणि ओरडे, "बारिश आ रही है, मिरची भीग जाएगी! ताडपत्री डालो!" पथारीवर मिरची वाळत पडलेली असताना अवकाळी पाऊस आला तर व्यापाऱ्याचे नुकसान आणि मजुराची मजुरी, दोन्ही बुडतात. चाळीस वर्षांपूर्वीची ती धास्ती तिच्या डोक्यात जशीच्या तशी शिल्लक होती. माझी पत्नी तिला समजावी, "अम्मी, पाऊस नाही. मिरची नाही. आपण आता पथारीवर जात नाही." जितके समजवावे तितकी ती चिडे. दाराशी जाई, कडी ओढी, एकदा तर तिने सुनेच्या मनगटाला चावा घेतला. तास-तासभर हे चाले. मी? मी दुसऱ्या खोलीत, सकाळी शाळा आहे म्हणून डोक्यावरून चादर ओढून.

2020 साली टाळेबंदी झाली आणि नर्सिंगला असलेली आमची मुलगी कॉलेज बंद पडल्याने घरी आली. तिचे वर्ग मोबाईलवर चालत. दहा-बारा रात्री तिने हा प्रकार पाहिला आणि मग मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी 'आय-सपोर्ट' नावाचा शिक्षणक्रम तयार केला असून 2019 साली तो पुस्तकरूपानेही प्रसिद्ध केला आहे. पुस्तक इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते. पाच भाग आणि तेवीस धडे. आजार म्हणजे काय, सांभाळणाऱ्याची भूमिका, सांभाळणाऱ्याने स्वतःला सांभाळणे, रोजची शुश्रूषा आणि वागण्यातील बदलांना तोंड देणे. आम्हाला मिळालेली प्रत इंग्रजीत होती. मोबाईलच्या पडद्यावर डोळे दुखत, म्हणून टाळेबंदी सैल झाल्यावर मुलीने झेरॉक्सच्या दुकानातून धडे छापून आणले. याशिवाय तिला हिंदीतही मजकूर सापडला. बेंगळुरूच्या स्वप्ना किशोर यांनी आपल्या आईला सांभाळताना आलेल्या अनुभवातून इंग्रजीत आणि हिंदीत या विषयाची संकेतस्थळे उभी केली आहेत. त्यांतले हिंदी माझ्या पत्नीला ऐकून सहज समजे.

वाचन असे चाले. दुपारी अम्मी झोपली की मायलेकी स्वयंपाकघरात बसत. मुलगी इंग्रजी वाक्य मनात वाचून आपल्या घरच्या बोलीत सांगे. तिची आई सातवीपर्यंत शिकलेली. भाजी निवडता निवडता ऐके. त्या शिक्षणक्रमाची रीत चांगली आहे. उपदेश कमी. एक प्रसंग सांगतात, अमुक घरात अमुक माणूस असा वागला, तुम्ही काय कराल? खाली दोन-चार उत्तरे. तुम्ही एक निवडायचे, मग ते का बरोबर किंवा का चूक हे वाचायचे. माझी पत्नी उत्तर देई, वाद घाली, कधी हसे. "हे लिहिणाऱ्याच्या घरी सासू नसावी," असा शेराही एकदा तिने मारला होता.

वागण्यातील बदलांचा धडा झाला त्याच रात्री अम्मी उठली. बारिश, मिरची, ताडपत्री. पत्नीने दिवा लावला नाही, वाद घातला नाही. शेजारी जाऊन बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "अम्मी, डाल दी ताडपत्री. चारों कोनों पे पत्थर रख दिए." अम्मीने विचारले, "पूरी ढक गई?" "पूरी ढक गई." अम्मी आडवी झाली. पाच मिनिटांत घोरू लागली. मी दारात उभा होतो. चार वर्षांत जे आम्हाला सुचले नव्हते, ते छापलेल्या दहा पानांनी सुचविले.

हे खोटे बोलणे झाले का? माझ्या मनात हा प्रश्न अजून येतो. एका बुजुर्गांना मी विचारलेही. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मलाच विचारले, "मिरची भिजणार नव्हती ना?" मी म्हणालो, नव्हती. "मग?" असे म्हणून ते उठून गेले. असो.

रोज रात्री ही मात्रा चाललीच असे नाही. कधी चालली, कधी नाही. पण रात्रीचा झगडा निम्म्यावर आला, आणि निम्मी झोप म्हणजे काय हे ज्याने अशा घरात रात्री काढल्या आहेत त्यालाच कळेल.

त्याहून मोठी गोष्ट निराळीच घडली. स्वतःला सांभाळण्याच्या भागात सांभाळणाऱ्याला त्याच्या आवडीच्या कामाविषयी विचारलेले आहे. मुलीने विचारले, "अम्मी, तू स्वतःच्या खुशीसाठी गेल्या आठवड्यात काय केलेस?" माझी पत्नी विचार करीत राहिली. मग म्हणाली, "आठवत नाही." मुलीने विचारले, "गेल्या महिन्यात?" ती पुन्हा म्हणाली, "आठवत नाही." आणि तिला रडू कोसळले. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ते रडणे मला ऐकू येत होते आणि आत जाण्याची माझी हिंमत झाली नाही. हा प्रश्न तिला चार वर्षांत ना मी विचारला होता, ना माझ्या भावांनी, ना डॉक्टरांनी. डॉक्टर विचारीत, पेशंट कशी आहे.

त्यानंतर एवढे झाले की आठवड्यातून एक दुपार मी घरी थांबू लागलो आणि ती बहिणीकडे किंवा आठवडे बाजाराला जाऊ लागली. पहिल्या दुपारी तीन तासांत अम्मीने माझ्याकडून सहा वेळा चहा करून घेतला व प्रत्येक वेळी तो थंड करून ठेवला. मला त्या दिवशी पत्नीची नोकरी काय आहे ते समजले.

येथपर्यंत वाचून कोणी असे समजेल की मोबाईल आला आणि दुःख सरले. तसे मुळीच नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेत भारतासाठी याच आय-सपोर्टची चाचणी घेण्यात आली. 2021 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 151 सांभाळणारे सहभागी झाले होते. त्यांतले पुष्कळसे तीन महिन्यांतच गळाले. जे टिकले त्यांचा रुग्णाकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारला, पण मनावरचा भार किंवा उदासीनता यांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मला याचे आश्चर्य वाटले नाही. गळाले का? ज्या बाईला जेवायला सवड नाही, तिने पडद्यासमोर बसून धडे केव्हा करावेत? आमच्या घरी धडे झाले, कारण वाचणारी एक आणि ऐकणारी दुसरी होती. टाळेबंदीने मुलगी घरी आणली नसती तर तेच पुस्तक इंटरनेटवर फुकट पडून राहिले असते आणि आमच्या घरी ताडपत्रीवरून भांडण चालूच राहिले असते.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. मोबाईल कोणाचा? 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. आमच्या घरातला चांगला मोबाईल माझ्या खिशात असे, आणि मी घराबाहेर. म्हणजे ज्याला धड्याची गरज नव्हती त्याच्याजवळ यंत्र, जिला होती तिच्याजवळ नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यांवर तर रेंज मिळविण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, आणि तेथील म्हाताऱ्या माणसाशी पावरीत किंवा भिलीत बोलावे लागते. त्या बोलींत असा मजकूर आमच्या पाहण्यात आलेला नाही. कोणीतरी तो बोलून द्यावा लागेल.

आता हरवण्याची हकीकत. या आजाराची माणसे घरातून निघून जातात. पुष्कळदा ती जुन्या ठिकाणाकडे जातात. माझ्या सुरतच्या भावाने ठावठिकाणा दाखविणारे एक मनगटी घड्याळ पाठविले. किंमत बरीच होती, कंपनीचे नाव सांगत नाही. चौथ्या दिवशी अम्मीने ते हातातून काढून पाण्याच्या माठात टाकले. दोन दिवस आम्ही ते शोधत होतो आणि मोबाईल सांगत होता की घड्याळाशी संपर्क नाही. यंत्र वाईट होते असे मी म्हणत नाही. ज्याला नवीन वस्तू अंगावर सहन होत नाही, त्याच्यासाठी ते उपयोगाचे नव्हते, इतकेच. मग पत्नीने अम्मीच्या प्रत्येक ओढणीच्या आतल्या काठाला मोबाईल नंबर लाल दोऱ्याने शिवला.

2021 च्या हिवाळ्यात एका पहाटे अम्मी गेलीच. मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. मुलीने मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर अम्मीचा साधा फोटो, अंगावरचे कपडे आणि माझा नंबर टाकला. तो संदेश तेथून रिक्षावाल्यांच्या, दूधवाल्यांच्या गटांत गेला. दीड तासाने फोन वाजला. अम्मी एका पथारीवर मिरचीच्या ढिगाशी बसून शांतपणे देठे खुडत होती. तिची बोटे तेवढी काही विसरली नव्हती. फोन पथारीच्या राखणदाराने केला होता. त्याला अक्षरे वाचता येत नव्हती, आकडे येत होते. भोंगा, मोबाईल आणि लाल दोरा, यांपैकी अम्मी कशाने सापडली हे मी आजही सांगू शकत नाही. तिन्ही होते, एवढे खरे.

त्याच मोबाईलने एक फार वाईट गोष्टही केली. अम्मीला अंगावरच्या कपड्यांचे भान राहत नसे. भेटायला आलेल्या एका नातेवाईक पोराने तशा अवस्थेत तिची बडबड चित्रित केली आणि गंमत म्हणून ती चारचौघांना पाठविली. ती परत माझ्या मोबाईलवर आली तेव्हा मला कळले. ज्या बाईने जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिची ती अवस्था अनोळखी लोकांच्या हातात फिरत होती. डॉक्टरांना दाखविण्यासाठी वागणे टिपून ठेवणे वेगळे. आमच्या डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते. पण आजाऱ्याची परवानगी घेता येत नाही म्हणून ती लागतच नाही असे नव्हे. आपल्या शाळांतील मुलांना संगणक शिकविताना हे कोणी शिकवीत असेल तर मला समजून घ्यायला आवडेल.

व्हिडिओवर बोलण्याचेही असेच. आखातात असलेला धाकटा भाऊ पडद्यावर दिसला की अम्मी घाबरे. "याला डब्यात कोणी कोंडले?" म्हणून रडे. मग आम्ही त्याचा नुसता आवाज ऐकवू लागलो. तो आवाज तिला पुरे. संध्याकाळी दिवेलागणीला अशा माणसांची अस्वस्थता वाढते. त्या वेळी मोबाईलवर जुनी कव्वाली हळू आवाजात लावली की ती मान डोलावीत बसे आणि सुनेला पोळ्या करायला अर्धा तास मिळे.

ज्यांच्या घरी आज हा प्रसंग आहे त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. सांभाळणाऱ्याचा स्वतःचा धीर सुटत असेल तर 14416 हा 'टेलि-मानस'चा नंबर आहे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी तो सुरू केला. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 ही 'एल्डर लाइन' आहे. आपल्या भागातून पुष्कळजण सुरत, नाशिक किंवा धुळ्याला तज्ज्ञांकडे रुग्ण नेतात. प्रवासाने हा रुग्ण फार बिथरतो. दर वेळी त्याला नेण्याऐवजी 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून मोबाईलवर किंवा आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी बोलता येते. पहिली तपासणी मात्र समोरासमोर झालेली बरी. आणि रुग्ण एकदोन दिवसांत अचानक फार भ्रमिष्ट झाला तर ते आजार वाढल्याचे समजून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, ताप, पोटात पाणी कमी जाणे असे काहीतरी असू शकते, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. आम्ही एकदा दोन दिवस उशीर केला होता.

आणखी एक. आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार कार्ड दिले गेले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण अंगठा लावायची वेळ आली की राबून झिजलेली म्हाताऱ्यांची बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत. आमच्या शेजारच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या चाचांना हाच आजार आहे. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेणे म्हणजे घरादाराची परीक्षा असे. 2021 पासून चेहऱ्यावरून हा दाखला मोबाईलवर काढण्याची सोय केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना झाली आहे. आमच्या मुलीने तो त्यांच्या ओट्यावर बसून काढून दिला. चाचींनी तिच्या हातावर गूळ ठेवला.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. आपल्या संस्थेत सातवी-आठवीच्या पुढे शिकणाऱ्या शेकडो मुली आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येते, मोबाईल चालविता येतो, आणि घरची बोली तर त्यांचीच आहे. त्यांच्यापैकी काहींच्या घरी आजी, नानी, दादी या अवस्थेत असणारच. माझे संस्थेला मागणे असे की संगणकाची खोली रविवारी दोन तास उघडी ठेवावी. मुलींनी एकेक धडा वाचावा, कोणा जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा आणि उर्दूत, अहिराणीत, पावरीत, जी ज्याची बोली तीत, स्वतःच्या आवाजात मोबाईलवर बोलून ठेवावा. पाच-सात मिनिटांचा एकेक. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला भाकरी थापताना ऐकता येईल. जेथे रेंज नाही तेथे मेमरी कार्डात भरून देता येईल. याला खर्च नाही. खोलीची किल्ली कोणाकडे असावी, एवढाच वाद होईल, आणि तो आपल्याकडे होतोच. घरातल्या पुरुषांनी त्या पाच-सात मिनिटांसाठी मोबाईल खिशातून काढून स्वयंपाकघरात ठेवावा, हे मागणे संस्थेकडे नसून वाचकांकडे आहे.

अम्मी 2023 साली वारली. शेवटचे वर्षभर तिला आम्हा कोणाचेच नाव येत नव्हते. सुनेला ती "ओ पथारीवाली" अशी हाक मारी, कारण ताडपत्री टाकणारी तीच होती. पत्नीला ती हाक आवडू लागली होती.

मुलीने टाळेबंदीत आपल्या आवाजात बोलून ठेवलेले नऊ धडे होते. ते एका नातेवाइकाकडून शहाद्याला गेले, तेथून तळोद्याला. आता पाच घरांतील बायका आमच्या घरी फोन करतात. मला नव्हे, माझ्या पत्नीला. तिच्याकडे आता स्वतःचा मोबाईल आहे. गेल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता तो वाजला. तळोद्याची एक सून कुजबुजत्या आवाजात विचारीत होती की सासरा उठून बसला आहे, शेळ्या सुटल्या म्हणून दार उघडायला सांगतो आहे, शेळ्या विकून वीस वर्षे झाली, मी काय सांगू?

माझी पत्नी अंधारातच उठून बसली आणि म्हणाली, "सांग, बांधल्या. आणि किती होत्या ते विचार त्यांना. मोजून बांधल्या म्हणून सांग."